वरंब्यावरचा पाट

टण्. स्टीलच्या डब्याचं झाकण दगडावर पडलं, गोल गोल फिरलं आणि निपचित झालं. दव गोठलेल्या त्या सकाळी माझ्या कुरणात दुसरा आवाजच नव्हता. माझ्या उशाशी घरातलं असं काही कधी वाजलं नव्हतं, म्हणून मी दचकलो.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे. विलायतेतल्या बेसिंगस्टोक गावापासून थोड्या अंतरावर, खडूच्या टेकड्यांखाली, नदीकाठच्या कुरणात पडून असतो. मला पाट म्हटलं तर आज कुणाला पटायचं नाही. गवतात बुडालेली एक लांबट खोलगट रेघ, बस. पण थंडीत ऊन तिरपं आलं की माझ्या आणि माझ्या भावंडांच्या सावल्या पडतात आणि सगळं कुरण कॉर्डरॉयच्या कापडासारखं दिसू लागतं.

तीनेकशे वर्षांपूर्वी माणसांनी फावड्यांनी मला घडवलं. तुमच्या शेतात पाणी खालून, सरीतून जातं. माझं उलटं. मला बसवलं वरंब्याच्या माथ्यावर. नदीचं पाणी माझ्यात काठोकाठ भरायचं, दोन्ही अंगांनी पातळ चादरीसारखं गवतावरून उतरायचं आणि खालच्या सरीतून पुन्हा नदीला मिळायचं. हे उन्हाळ्यात नव्हे हं, ऐन थंडीत. जमिनीच्या पोटातून आलेलं ते पाणी हवेपेक्षा उबदार असायचं. झोपलेल्या बाळाच्या पायावर आई पांघरूण ओढते ना, तसं ते गवताला हिमापासून झाकायचं. टेकड्या पांढऱ्याफटक असताना माझ्या अंगावर हिरवं यायचं आणि नुकत्याच व्यालेल्या मेंढ्यांना दूध फुटायचं. कोकरं माझ्यावरून उड्या मारायची तेव्हा काय गुदगुल्या व्हायच्या म्हणून सांगू!

तेव्हा आम्हांला पाटकरी असायचा. खांद्यावर फावडं टाकून तो रोज फेरी मारायचा. पाणी सोडायला काय, कुणीही सोडेल. वेळेवर बंद केलं नाही, तर मात्र तेच पांघरूण गवताला गुदमरवतं, मुळं कुजतात. म्हणून त्याचं लक्ष पाणी सोडण्यापेक्षा ते बंद करण्यात जास्त असायचं. लोक लांबून कुरण बघायला यायचे, आणि कौतुक व्हायचं ते गवताचं. मला वाईट वाटत नसे. पाटाने मागे राहायचं असतं.

मग खताची पोती आली. यंत्रं आली, ती वरंब्यांवर अडखळू लागली. शेवटचा पाटकरी म्हातारा झाला, त्याच्या हाताखाली कुणी आलं नाही. नदी अडवून पाणी आमच्याकडे वळवणाऱ्या फळ्या कुजल्या. पलीकडची कुरणं नांगरून सपाट झाली. आणि २००७ सालच्या त्या थंडीत या जमिनीचा मालक कॉलिन टब एका यंत्रवाल्याला घेऊन माझ्यावर उभा राहिला. म्हणाला, "ईस्टरनंतर हे उंचवटे काढून टाक."

त्यानंतरच्याच रविवारी ते झाकण पडलं.

डबा आश्लेषाचा होता. राहुरीकडची मुलगी. नवरा अवधूत पुण्याचा, बेसिंगस्टोकच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करणारा. त्यांची चैत्राली पाच वर्षांची. पायवाटेने फिरायला आलेले तिघं माझ्या तोंडाशी थेपले खायला बसले होते.

"अवधूत, बघ ना, सऱ्या आहेत इथे," आश्लेषा म्हणाली.

"इथे ऊस कोण लावणार आहे? चल, पाय गारठलेत माझे."

"तुला काय कळणार. तुझं पाणी टाकीतून आलं."

लहानपणी ती वडिलांबरोबर दारं धरायला जायची, म्हणजे एका सरीचं पाणी अडवून दुसरीत वळवायला. तेव्हा अडलेलं पाणी दिसलं की तिचे पाय कसे स्वस्थ बसणार? त्या वर्षी नदी भरलेली होती. नदीतून आम्हां भावंडांना पाणी आणणाऱ्या थोरल्या पाटात पाणी येऊन पानांच्या आणि गाळाच्या बांधापाशी थटलं होतं. तिने गमबुटाच्या टाचेने खालच्या सरीचं तोंड मोकळं केलं.

"आई, पाणी पळतंय," म्हणत चैत्राली त्याच्यामागे धावली.

मी मनात म्हटलं, अगं बाई, तिकडे नको. पाणी सरीतून थेट नदीकडे निघून गेलं. गवताचं एक पातं भिजलं नाही.

एवढ्यात कुत्र्याला घेऊन कॉलिन आला. "एक्स्क्यूज मी, तुमचं नक्की काय चाललंय?"

"सॉरी, सॉरी," अवधूत घाईने म्हणाला, "माझी बायको शेतकऱ्याची मुलगी आहे." एखादं दुखणं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

कॉलिन पाण्याकडे बघत राहिला. "उलटं केलंत. ते वरून जायचं. माझे आजोबा सांगायचे. मी कधी पाहिलं नाही." त्याने काठीने वरंब्याचा माथा दाखवला, म्हणजे मला.

"वरून?" आश्लेषाने मान तिरकी करून एकदा उतार पाहिला. मग गवताचं ढेकूळ उपटलं, सरीच्या तोंडात बसवलं, टाचेने दाबलं. हातमोजे काढून माझ्या तोंडातली पानं उपसली. पाणी थबकलं, फुगलं आणि माझ्यात शिरलं.

मित्रांनो, कसं सांगू? इतक्या वर्षांनी मला माझा उतार आठवला. मी भरलो आणि दोन्ही कडांवरून सांडलो. जिथे पाणी पोचलं तिथलं हिम विरघळलं आणि पांढऱ्या कुरणात एक हिरवी पट्टी उमटली.

कॉलिनने हिरव्या पट्टीच्या कडेला काठीचं टोक टेकवलं. मग कुत्र्याकडे बघत म्हणाला, "आणि हे मी सपाट करणार आहे."

"का?" आश्लेषाने विचारलं.

"यंत्र अडखळतं."

"मग जरा सावकाश चालवा ना, काका." इंग्रजी बोलता बोलता तिच्या तोंडून तेवढं 'काका' मराठीत गेलं. कॉलिन हसला, पण हो म्हणाला नाही.

मित्रांनो, शेतातून जाताना जमिनीवर अशी लाट दिसली तर क्षणभर थांबा. ती कुणाच्या तरी हातांची आहे. आम्हांला देव्हाऱ्यात ठेवू नका, फक्त पुसून टाकण्याआधी एकदा विचारा, तू काय करत होतास?

ऊन वर आलं. आश्लेषा पाणी बंद करायला वाकली, तर कॉलिन म्हणाला, "राहू द्या. वाहू दे थोडं." ती डबा भरायला लागली. चैत्राली मात्र माझ्या काठावरून उठेना. तिचं बोट पाण्यात होतं.

"आई, उद्या आपण नसणार. मग हे बंद कोण करणार?"

आश्लेषाचा हात झाकणावरच थांबला. तिने तो प्रश्न कॉलिनला इंग्रजीत सांगितला. कॉलिन माझ्या तोंडाशी वाकला आणि तिने ते ढेकूळ कसं बसवलंय ते बघू लागला.