सैल बांधलं की

घेवड्याच्या वेलीला गाठ कशी मारायची, एवढ्या एका गोष्टीवरून तिने नवऱ्याशी तीस वर्षं वाद घातला होता. ती शिवणकाम करणारी. कापडाच्या चिंधीचा आठाच्या आकड्यासारखा सैल वेढा द्यायची, म्हणजे देठाला जाड व्हायला जागा राहते. तो डावखुरा, उलट्या हाताने दुहेरी गाठ मारून करकचून आवळायचा आणि वर म्हणायचा, "सैल बांधलं की घसरतं." माणसांनाही त्याचा हाच न्याय होता. आईच्या अखेरच्या दुखण्यातसुद्धा त्याने तिला माहेरी दोनच दिवस राहू दिलं, आणि हे तिने त्याला कधी माफ केलं नाही, तो गेल्यावरही नाही.

आईकडून आलेल्या घेवड्याचे आता नऊच दाणे उरले होते. ते सगळे तिने परसात लावले. यंदा शेंगा वाळून बी हाती आलं नाही, तर आईचं म्हणून तिच्याकडे काहीच राहणार नव्हतं.

नऊही वेली उगवल्या, काठ्यांवर चढल्या, तिने त्यांना सैल वेढे दिले. मग एका सकाळी पाहते तर पहिल्या वेलीच्या देठात चिंधी रुतलेली, गाठ दुहेरी, उलट्या हाताची, आणि वरच्या पानांनी माना टाकलेल्या.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या घरात दीर राहायचा, भावाचीच दुसरी छाप. ती तडक त्याच्या दारात गेली.

"भावोजी, माझ्या वेलींना पुन्हा हात लावलात तर याद राखा!"

"अहो वहिनी, मला गुडघ्यांनी वाकता येत नाही. मी कशाला येतोय तिथे?"

"चोर तो चोर, वर शिरजोर," असं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत तिने परसाच्या फाटकाला कुलूप ठोकलं. किल्ली पदराला बांधली.

तरी आठवड्याला एक वेल वाळत गेली. दर वेळी ती कात्रीने गाठ कापायची आणि दिराला, मग मेलेल्या नवऱ्याला पोटभर शिव्या घालायची. तोंड असं चालू असताना हात आपले निवांत नवी चिंधी फाडत असायचे.

एकच वेल उरली, शेंगांनी लगडलेली, तेव्हा लेक चार दिवस राहायला आली. आईचा तो अवतार पाहून तिने कात्री काढून घेतली.

"आता तू बस. ही मी सांभाळते." तिने आईचा कामाचा एप्रन चढवला आणि पाठमोरी उभी राहिली. "मानेमागचे बंद तेवढे बांध."

आई बांधू लागली. भावोजींना कसा धडा शिकवायचा, हे ती तावातावाने सांगत होती.

"आई, सैल कर ना. गळ्याला लागतंय."

तिने हातांकडे पाहिलं. डावा हात बंद ओढत होता. पहिल्या गाठीवर दुसरी बसत होती.

"आई!"

"सैल बांधलं की घसरतं," ती म्हणाली.