झेंडूखालचा हिरवा दिवा

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या चाकणच्या कारखान्यातली सगळी यंत्रे निपचित उभी होती. सर्व्हरच्या बंद खोलीत झेंडूचा वास कोंडला होता. बाहेर जाणाऱ्या माहितीला कुलूप लावणाऱ्या लोखंडी पेटीवर कुणीतरी ओले कुंकू थापले होते. त्याचा ओघळ हवेच्या जाळीत उतरून चिकट झाला होता. पेटीवर चकचकीत स्टिकर होते : ‘क्वांटम-सुरक्षित’. पेटी मात्र जुनीच.

ज्या गाडीच्या कंपनीला आम्ही ब्रेकचे भाग पुरवतो, तिने विचारले होते : क्वांटम संगणक आले की तुमच्या माहितीचे काय? आजची कुलपे ज्या अवघड गणितावर उभी आहेत, ते गणित तो संगणक सोडवील. चोर तोवर थांबत नाहीत. कुलूपबंद माहिती ते आजच उचलून ठेवतात. किल्ली पुढे घडेल, एवढा धीर त्यांच्याकडे आहे. म्हणून कुलूप आजच बदलायला हवे. आमच्या संगणक विभागाचे प्रमुख अजिंक्य सर यांनी स्टिकर बदलले, आणि तपासणीला खंडेनवमीचा दिवस दिला. पुजलेल्या यंत्राला कोण हात लावणार?

कारखान्याच्या दवाखान्यातल्या सादिका सिस्टरनी आदल्या आठवड्यात मला थांबवले होते. दवाखान्यातल्या नोंदी याच पेटीतून आकुर्डीच्या मुख्य कार्यालयात जातात.

“पॅकिंगमधली करिष्मा माहितीये ना? तिची एचआयव्हीची औषधं चालू आहेत. कुणाला सांगणार नाही म्हटलंय मी, कुलपासाठी म्हणून तुला सांगतेय. तिची मुलगी आता चौथीत आहे. पुढे तिच्या लग्नाच्या वेळी हे कुणी उघडून वाचलं तर? कुलूप धड आहे ना?”

“बघतो,” एवढेच मी म्हणालो होतो.

गाडीच्या कंपनीकडून तपासणीला गणराज सर आले. त्यांनी पेटीला नमस्कार केला आणि पेढा उचलला.

“एकदा आतलं तपासून घेता का, सर?” मी विचारले. माझा आवाज मलाच परका वाटला.

“आज? पाप लावतोस काय भावा!”

“आज शस्त्रांना विश्रांती असते राव,” अजिंक्य सर हसले. “हा आमचा पोरगा वर्षातून एकदाच तोंड उघडतो. आज मुहूर्त लागला!”

दोघेही हसले. गणराज सरांनी तुपाळ बोटे पेटीच्या कडेला पुसली. त्या बोटांच्या डागाशेजारी, पाकळ्यांच्या आड, एक हिरवा दिवा लुकलुकत होता.

“ही पेटी विश्रांती घेत नाहीये, सर. दवाखान्यातल्या नोंदी आत्ताही आकुर्डीला चालल्या आहेत.”

मी फुलांखाली हात घातला आणि दवाखान्याची वायर उपसली. दिवा विझला.

“लाव ती परत!” अजिंक्य सरांचे हसू उतरले.

“पुजलेल्या यंत्राला हात लावायचा नसतो, सर.”

गणराज सरांनी उरलेला पेढा कागदात गुंडाळला. माझ्या धक्क्याने झेंडूची माळ सरकली होती आणि कुंकवाने भिजलेल्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. खाली पेटीचे जुने नाव स्पष्ट दिसत होते. गणराज सरांनी वाकून ते वाचले.

“दसरा झाला की येतो,” ते अजिंक्य सरांना म्हणाले. “फुलं काढून ठेवा. ही पेटी मला उघडी पाहिजे.”

मी दवाखान्यात गेलो. “आजपासून काही बाहेर जाणार नाही,” मी सादिका सिस्टरना सांगितले.

“आणि आधी गेलेलं?”

कुणी ते उचलले असेल किंवा नसेल. हे कळायला वर्षे लागतील, आणि तेव्हा कळून उपयोग नसेल.

दारात करिष्मा प्रसादाचे ताट घेऊन उभी होती. नवी साडी, केसांत शेवंती.

“घ्या ना, दादा. सणाचं असं तोंड पाडून काय बसता?”

मी पेढा तोंडात टाकला. ती पुढच्या माणसाकडे वळेपर्यंत तो तसाच तोंडात फिरवत राहिलो.