मासेमार घुबड, गुरुजी आणि एक गोटा

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. माझी डावी काच बुरशीने गेली, उजवीतून अजून स्वच्छ दिसतं. दिसतं म्हणूनच राग येतो. म्हाताऱ्या वस्तूंनी गोडच बोलावं असं वाटत असेल, तर इथेच थांबा.

कारखान्यातून मी एका सुभेदाराच्या गळ्यात आले, आणि त्यांच्याकडून मोहाडीच्या केवळराम गुरुजींकडे. गुरुजी शाळेत विज्ञान शिकवत. माझ्या चामडी पट्ट्याला दर रविवारी तेल लावत. एवढं कौतुक त्यांच्या बायकोच्याही वाट्याला आलं नसेल. त्यांचा जीव एकाच पाखरावर होता, मासेमार घुबडावर. लहानपणी एकदाच पाहिलेलं: मांजराएवढं, डोक्यावर शिंगांसारखी पिसं, हळदीसारखे डोळे.

१९७८ च्या उन्हाळ्यात मित्र भय्याजींच्या खटारा जीपमधून आम्ही त्याला शोधायला निघालो. आंधळगाव झालं, तुमसर झालं. प्रत्येक तलावाच्या पाळीवर जीप थांबे, गुरुजी मला डोळ्यांना लावत, आणि दिसत ते बगळेच.

"एका घुबडापायी माही गाडी तापून राहिली, गुरुजी," भय्याजी करवादले. "घरी आरसा नाही काय तुमच्या?"

तिसऱ्या दिवशी नाकाडोंगरीच्या पुढे एका तलावात बायाबाई नावाच्या एक कोळीणबाई भेटल्या. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून जाळं सोडवत होत्या. त्यांनी हनुवटीनेच पाळीवरचं अर्जुनाचं झाड दाखवलं. गुरुजींनी मला उचललं, आणि दोन पिवळे डोळे सरळ माझ्यात पाहू लागले. गुरुजी मला डोळ्यांवरून खाली घेईनात.

"याले गावात कोनी तरास देत नाही?" त्यांनी विचारलं.

"भेतेत सारे. अशुभ म्हनतेत. पन गोटा कोन मारन? मारलेला गोटा ते उचलून नेते न् पान्यात घासत बसते. गोटा झिजला का मारनारा झिजते."

इथे गप्प बसायचं होतं. पण गुरुजी पडले शिक्षक. पाळीवर दहा-बारा माणसं जमलेली. त्यांना विज्ञान सांगायची हुक्की आली. त्यांनी गोटा उचलला. मी त्यांच्या छातीवरच लोंबत होते, हात वर जाताना मला कळला. गोटा झाडाच्या बुंध्यावर आदळला आणि घुबड उडालं.

"झालं काय मले काही?"

लोक हसले. बायाबाई हसल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. झाड होतं, घुबड नव्हतं.

"मारलं जी," बायाबाई म्हणाल्या. "गावात तापाची साथ आली. घुबडानं आनली म्हने. पह्यले नुसते भेत होते, आता गोटे घेऊन आले."

"कोनी अडवलं नाही?"

"मी अडवलं. गोटा झिजते रे, म्हनलं. तं मलेच हसले. मोहाडीच्या गुरुजीनं मारून दाखवला, म्हने." मग त्या शांतपणे म्हणाल्या, "खरंच होतं तुमचं, गुरुजी. मारनाऱ्यायले काही नाही झालं."

त्यांनी पाण्याच्या कडेचा एक गोटा उचलून गुरुजींच्या हातावर ठेवला आणि जाळ्याकडे वळल्या.

मित्रांनो, घुबड ताप आणत नाही, मासे आणि खेकडे खाऊन जगतं, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? घुबड अशुभ ही भीती गुरुजींनी तशीच ठेवली. त्या पाखराला राखणारी भीती तेवढी काढून टाकली, आणि वर शाबासकीची वाट पाहत उभे राहिले! याहून मोठा राग वेगळाच आहे. चूक कळल्यावरही ते त्या गावात परत गेले नाहीत. सांगायचं राहिलेलं सांगितलं नाही. मला आणि त्या गोट्याला एकाच ट्रंकेत ठेवून कडी लावली.

नऊ वर्षं झाली. अधूनमधून ट्रंक उघडते. ते मला हात लावत नाहीत, गोटा काढतात, त्यावर अंगठा फिरवत बसतात. त्यांची मनगटं आता काटकीएवढी झाली आहेत, सदरा खांद्यावरून ओघळतो. गोटा होता तसाच आहे.

माझ्या पट्ट्याला तेल नका लावू, काच नका पुसू. पण कुणाच्या मनातली भीती उपटायला जाल, तेव्हा तिच्या आडोशाला कोण बसलंय ते आधी पाहा. त्याला दुर्बीण लागत नाही.