समोरच्या बाजूचं शून्य

मी एक पत्रा बोलतोय. हातभर उंच, वीतभर रुंद, आणि पोटावर पांढऱ्या रंगात काढलेलं एक भलंमोठं शून्य. हसू आलं ना? शून्य म्हटलं की माणसं हसतातच, मला सवय आहे. सध्या मुक्काम सिंगापुरात, वुडलँड्समधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पण मी इथला नव्हे.

माझा जन्म लाटव्हियातला. बाल्टिक समुद्राकाठचं एक लहानसं बंदर, आणि तिथे मासे डब्यात भरायचा कारखाना. त्या कामगारांनी फुटबॉलचा क्लब काढला आणि नाव ठेवलं ‘काइया’, म्हणजे त्यांच्या भाषेत समुद्रपक्षी. डब्यांचा उरलेला पत्रा कापून त्यांनी गोलफलकाचे आकडे केले. शून्यं दोन कापली, कारण प्रत्येक सामना शून्य-शून्यवरच सुरू होतो. त्यातला एक मी, दुसरा माझा जुळा भाऊ. कापताना माझा कोपरा दुमडला, म्हणून ठरूनच गेलं: दुमडलेला आपल्या संघाच्या नावाखाली, धड असलेला पाहुण्यांच्या.

आकडे बदलायचं काम वेल्ताबाईंचं. आठवडाभर त्या कारखान्यात माशांना धुरी द्यायच्या आणि रविवारी फलकापाशी स्टुलावर उभ्या राहायच्या. गंज चढू नये म्हणून आम्हा दोघांना माशाच्या तेलाच्या फडक्याने पुसायच्या. आमचेही चांगले दिवस होते बरं का! तेव्हा दहा मिनिटांत आमचा गोल व्हायचा, वेल्ताबाई मला खाली उतरवून एकचा आकडा लावायच्या आणि मी गवतात पडून आरडाओरडा ऐकत बसायचो. खाली उतरण्यात एवढं सुख असतं, हे शून्यालाच ठाऊक.

मग देश स्वतंत्र झाला, पण कारखान्याची रशियातली जुनी गिऱ्हाइकं तुटली. पोरं एकेक करून परदेशी निघाली. आमचा गोलकीपर आयर्लंडला अळंबी खुडायला गेला, आता बोला! कधी नऊच जण मैदानात उतरायचे. आता भाऊ दहा मिनिटांत खाली यायचा आणि मी आपला शेवटपर्यंत लटकलेला.

दोन हजार बाराच्या शरदात बंदरात एक जहाज इंजिन बिघडून महिनाभर अडकलं. त्याचे चीफ इंजिनिअर रविंद्र. बायको कुमुद आणि सात वर्षांची जाई सिंगापुरात, आणि हे इथे थंडीत कुडकुडत. रविवारी करायचं काय, म्हणून मैदानावर आले आणि वेल्ताबाईंना आकडे हातात द्यायला लागले. दोघांत मिळून मोडक्या रशियनचे वीस-पंचवीस शब्द, त्यातले निम्मे इंजिनाचे. तरी गप्पा रंगायच्या.

त्याच महिन्यात काइयाचा शेवटचा सामना झाला. क्लब बंद होणार हे सगळ्यांना माहीत होतं. आणि नेमकी त्या दिवशी पोरं जीव तोडून खेळली. पाच मिनिटं उरली तरी शून्य-शून्य. वेल्ताबाईंनी माझ्या भावावर दोन्ही हात दाबून धरले, जणू तो त्यांच्या हातांनीच वर राहणार होता. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांचा गोल झाला. किती तरी वेळ त्यांनी हात काढलेच नाहीत. मग भावाला उतरवलं. मला फार वाईट वाटलं. मी रडू शकत नाही म्हणून, नाहीतर रडलो असतो.

सामना संपल्यावर त्यांनी मला रविंद्रच्या हातात दिलं. “हा आयुष्यभर आमच्याच बाजूला लटकला,” त्या मोडक्या रशियनमध्ये, खुणा करत म्हणाल्या. “तुझ्याकडे याला एकदा समोरच्या बाजूला लाव. शेवटपर्यंत.” भावाला त्या स्वतः घरी घेऊन गेल्या.

सिंगापुरात बॅग उघडली आणि कुमुदवहिनींनी नाक धरलं.

“अहो, याला माशाचा वास येतोय! स्वयंपाकघरात नाही हं आणायचं.”

पुण्याला माहेरी पितळ लख्ख करायचे तसं त्यांनी मला चिंच आणि मीठ लावून घासलं. वास गेला, निम्मा रंग गेला आणि तिसऱ्या दिवशी मी लालभडक गंजलो. रविंद्र काहीच बोलले नाहीत. माझी रवानगी शू रॅकच्या मागे झाली, ती तब्बल सहा वर्षं.

शू रॅकमागे राहिलं की घरातलं सगळं कळतं. कुणाचा दिवस कसा गेला, ते बूट कसे पडतात त्यावरून ओळखावं. जाई तेरा वर्षांची झाली, वडिलांसारखी उंच, म्हणून शाळेच्या मुलींच्या टीममध्ये गोलकीपर. पहिल्या सामन्यात चार गोल खाल्ले. दुसऱ्यात पाच. तिसऱ्यानंतर तिचे बूट भिंतीवर आपटले.

“मी सोडतेय. एव्हरीबडी लाफ अ‍ॅट मी, लाह!” ती शाळेतल्या सिंगापुरी ढंगात ओरडली.

“एकच सामना राहिलाय ना? अर्ध्यात टाकायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “आणि बाबा येणारेत बघायला.”

बाबा येणार म्हणून जाईने बूट पुन्हा उचलून ठेवले. पण बाबांच्या जागी यायचा माणूस डर्बनला पोचलाच नाही आणि ते जहाजावरच अडकले. सामन्याच्या सकाळी तसा फोन आला. जाई खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पोर जाणार नाही, हे मला कळून चुकलं.

तेव्हा फोनवर रविंद्र म्हणाले, “शू रॅकमागे तो पत्रा आहे ना अजून?” आणि त्यांनी वहिनींना सगळी गोष्ट सांगितली.

“अहो, इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू चिंच लावलीस. मग बोलणंच राहून गेलं.”

वहिनींनी फोन ठेवला. मग त्यांनी मला बाहेर काढलं, खोबरेल तेलाने पुसलं, बाजाराच्या पिशवीत घातलं आणि जाईचं दार वाजवलं.

मैदानावर गोलफलक नव्हताच. वहिनींनी कुंपणाच्या जाळीवर खडूने दोन संघांची नावं लिहिलेले पुठ्ठे अडकवले आणि समोरच्या संघाच्या नावाखाली मला परकराच्या नाडीने बांधलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्या बाजूला!

“आई, सो एम्बॅरसिंग, लाह!”

“बाबांनी सांगितलंय. याला शेवटपर्यंत खाली उतरू द्यायचं नाही. एवढंच तुझं काम.”

जाईने माझ्याकडे पाहिलं आणि हातमोजे चढवले.

काय खेळली हो पोर! पहिला अर्धा भाग गेला, दुसरा संपत आला, तरी मी जागेवरच. मग समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. वहिनींना खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण सगळे गप्प झाले हे कळलं. त्यांनी माझ्यावर दोन्ही हात दाबून धरले. तळवे घामाने ओले होते. असे हात मला माहीत होते.

जाई उजवीकडे झेपावली. चेंडू तिच्या मनगटाला लागून बाहेर गेला आणि शिट्टी झाली.

“जिंकलो का गं?”

“ड्रॉ, आई. झिरो-झिरो.” धापा टाकत ती जाळीपाशी आली आणि माझ्या दुमडलेल्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाली, “उतरला नाही बघ.” मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. वहिनीही रडल्या.

आमच्या नावाखाली लावायला तिथे दुसरं शून्य नव्हतं. तेवढी एक जागा फोटोत रिकामी दिसते. तो फोटो रविंद्रकडे गेला आणि त्यांनी वेल्ताबाईंना पाठवला. दोन दिवसांनी तिकडून उत्तर म्हणून नुसताच एक फोटो आला: त्यांच्या स्वयंपाकघरातली भिंत, आणि तिच्यावर माझा भाऊ.

आता मीही स्वयंपाकघरात असतो, वहिनींच्या डब्यांच्या फडताळावर. दर शनिवारी मला खोबरेल तेल मिळतं. काइयाचं नाव आज कुठल्याच तक्त्यात नाही. कुणी विचारलंच, तर असा एक क्लब होता, एवढं सांगा. आणि कृपा करून मला पुन्हा चिंच लावू नका.

तिकडे भाऊ टांगलेला, इकडे मी. शून्य-शून्य. अजून कुणी हरलेलं नाही.