ओलीचा आळ

सिरसाळ्यात शहादेवअण्णांच्या घराला लागून एक भाड्याची खोली होती. तिथं वर्षाराणी कॉलेजसाठी राहायची. आईबाप ऊसतोडीला गेले की पोर एकटीच. दिवाळीनंतर खोलीच्या भिंतीला आधी ओल आली, मग काळी बुरशी. तिनं अण्णांना बोलावून दाखवली.

अण्णांना बघताक्षणी कळलं. भिंतीपलीकडं त्यांचंच नवं न्हाणीघर होतं. बंकट गवंड्यानं दसऱ्यालाच बजावलं होतं, "अण्णा, आतला पाइप गळायलाय. फरश्या फोडाव्या लागतील." पण फरश्या सूनबाईंनी चार दुकानं पालथी घालून आणलेल्या. त्या फोडायच्या म्हणजे घरात महाभारत. तेव्हा अण्णा बुरशीवर बोट फिरवून गंभीरपणे म्हणाले, "आत सैपाक करतीस ना बाई? वाफंनं व्हायलंय हे. जरा जपून राहात जा."

आपल्या घरची गळती पोरीच्या भाताच्या वाफेवर ढकलून मोकळे झाले. चोर तो चोर आणि वर शिरजोर, दुसरं काय!

पोर गुणाची. दुसऱ्या दिवसापासून तिनं गॅस अंगणात काढला. पौषाच्या कडाक्यात, दिवस उगवायच्या वक्ताला, अंगावर चादर लपेटून भाकरी थापत बसायची. अण्णा खिडकीशी चहा घेत. ती समोरच दिसायची. 'आत कर बाई' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तसं म्हटलं असतं तर वाफेची थाप उघडी पडली असती. अण्णांनी चहा प्यायची जागाच बदलली. बुरशी मात्र वाफेवाचूनही वाढतच राहिली.

पाडव्याच्या तोंडावर तिचा बाप गहिनीनाथ कारखान्यावरून आला, तो चुन्याची पिशवी घेऊनच.

"पोरीच्या हातून तुमची भित नासली, अण्णा. राग मानू नका. दोन हात मारून देतो."

पाच महिने कोयता चालवलेला माणूस स्टुलावर चढून दुसऱ्याची भिंत रंगवू लागला. अण्णा दारात उभे राहून बघत होते. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"गहिनीनाथ, उतर खाली," ते शेवटी म्हणाले. "ही माझ्या न्हाणीची ओल हाय. पाइप गळायलाय, मला पहिल्यापासून ठावं व्हतं. उद्याच फरश्या फोडतो. पोरीचा काई दोष न्हाई."

आता हा चार शिव्या देईल, आपण ऐकून घेऊ, आणि विषय मिटेल, असं त्यांना वाटलं. गहिनीनाथ खाली उतरला. कुंचला बादलीत ठेवून त्यानं हात पुसले. आवाज चढवला नाही.

"मंग माझी पोरगी सगळा हिवाळा बाहीर सैपाक कावून करायली व्हती, अण्णा?"

अण्णांनी वर्षाराणीकडं पाहिलं. तीही उत्तराची वाट बघत होती.