लाल हापशी

चिचगडजवळच्या एका टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, हापशीच्या पाण्यात फ्लोराइड निघालं. असलं पाणी पोरांचे दात पिवळे करतं, पायांची हाडं वाकवतं. म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या माणसांनी हापशी लाल रंगवली. लाल म्हणजे पिऊ नका. पाटीही लावा, म्हणून मी भांडले, तर साहेब म्हणाले, "लाल रंग कुणाला कळत नाही?"

भाताची रोवणी आटोपल्यावर मी पुन्हा गेले. भर दुपारी टोल्यावरची घरं चिडीचूप होती. सगळं गाव हापशीपाशी जमलं होतं. हापशीच्या दांड्याला हिरव्या बांगड्या, पुढ्यात नारळ आणि लिंबं.

"हे काय, धुरपताबाई?" पुढे उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईंना मी विचारलं.

"माय परगटली ना हापशीत! तुमच्याच मानसाईनं तं शेंदूर लावला. तवापासून दुसऱ्या बोरिंगचं पानी कोनी पेत नाई. लेकराईले इथंच आनून राहिलो."

"अहो, तो शेंदूर नाही! विष आहे या पाण्यात!" मी किंचाळले.

कुणीच रागावलं नाही. धुरपताबाईंनी हळूच माझा हात धरला आणि ओंजळीत पाणी ओतलं. "मायसमोर काऊन ओरडता, मॅडम? घ्या, तीर्थ हाये."

मी पिते का, हे बघत पोरं हसली. एकाचाही दात पांढरा नव्हता.