तपासणीच्या दिवशी बंद दार

मालक स्वतः चालत दारात आला, तेव्हाच सुनेला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. एरवी हा माणूस बांधावरूनच ओरडायचा, "ए, कोण आहे का घरात?" आज चपला काढल्या आणि म्हणतो कसा, "वहिनी, जरा पाणी द्या हो."

वहिनी! सात वर्षांत पहिल्यांदा.

पाणी पिऊन तो सासूला म्हणाला, "मावशी, उद्या साहेब येतायत. नेहमीसारखं दार लावून आत बसा."

नेहमीसारखं म्हणजे काय, ते तिथल्या पोराटोरांनाही पाठ होतं. ओढ्याकाठची पट्टी न नांगरता तिथं झाडं राखली की माती वाहून जात नाही, म्हणून सरकार जमीनमालकाला अनुदान देतं. पण खड्डे खणायचे बटाईदारानं, पाणी घालायचं बटाईदारानं. जमीन दुसऱ्याची, घाम याचा, पीक अर्धं अर्धं. आणि तपासणीच्या दिवशी काठावरची बटाईदारांची सगळी घरं बंद. चूल नाही, बोलणं नाही, खोकला आला तरी दाबायचा. जशी काही झाडं आपली आपण चालत आली आणि रांगेत उभी राहिली!

"आणि तुझं फावडं दे," जाता जाता मालक सुनेच्या नवऱ्याला म्हणाला. "फोटोला लागेल."

तो गेल्यावर सून उसळली. "फावडं फोटोला? मग मलाही पाठवा की, बायको म्हणून!"

"तोंड आवर," सासू म्हणाली, पण हसू तिलाही आवरेना.

नवरा मात्र हसला नाही. खाली मान घालून दोरी वळत बसला.

"दरवर्षी गडी निरोप आणतो. यंदा हा स्वतः का आला?" सुनेनं विचारलं. "काय लपवताय?"

"सही घेतली माझी," तो पुटपुटला. "शेत मालकच कसतो, आपण इथं कधीच नव्हतो, असं लिहिलंय. म्हणाला, सही कर, नाहीतर आत्ताच निघ."

"आणि सही केलीत, म्हणून राहू देईल?"

"झाडं मोठी झालीत. आता त्यांना पाणी घालावं लागत नाही."

म्हणजे आपणही लागत नाही, हे सुनेनं ओळखलं.

दुसऱ्या दिवशी तिघं आत कोंडून बसली. खिडकीच्या फटीतून सून बघत होती. मालकानं फावडं छत्रीसारखं धरलं होतं. फोटो झाला. साहेबांनी विचारलं, "या तिसऱ्या रांगेतल्या खोडांना चिंध्या का बांधल्यात?"

मालक गडबडला. "शोभेला."

सुनेनं ओठ चावला. तेवढ्यात मागं कडी वाजली. सासूनं दार उघडलं होतं.

"जा," म्हातारी म्हणाली. "मी लई वर्षं खोकला दाबला."

सून तडक रांगेत जाऊन उभी राहिली. "साहेब, त्या झाडांना वाळवी लागली होती. रोज बघायचं म्हणून खूण केली. आमच्या चादरीच्या चिंध्या आहेत. उरलेली चादर आणून दाखवू?"

"या कोण?"

"मजूर आहे," मालक घाईनं म्हणाला. "आजच आली."

"आजच? मग तुमच्या हातातल्या फावड्याच्या दांड्यावर माझ्या सासऱ्यांचं नाव कुणी कोरलं? वाचा ना, साहेब."

साहेबांनी दांडा फिरवून वाचलं. मग हातातला कागद पुढं केला. "पण यावर तुमच्या नवऱ्याची सही आहे."

नवरा दारात उभा होता. तो बाहेर आला. "सही खरी आहे, साहेब. कागद खोटा आहे."

"तू उद्या इथं दिसायचा नाहीस!" मालक गरजला.

"म्हणजे आज इथंच आहे तो," सून म्हणाली. "लिहून घ्या, साहेब. कसणाऱ्याचं नाव. तुम्ही लिहीपर्यंत मी हलत नाही."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तेवढ्यात पलीकडच्या बंद घरात कुणीतरी खोकलं. मुद्दाम, मोठ्यानं. मग त्याच्या पुढच्या घरात.

अनुदानाच्या फोटोतली हिरवीगार रांग तुम्हीही कधीतरी बघाल. बघाल तेव्हा झाडंच मोजू नका. मागचं कुठलं दार भरदिवसा बंद आहे, तेही बघा.